सिरॅमिकच्या खोक्यात रंगीत फिल्म

खोकं खरं होतं. नामांकित कंपनीचं नाव, चकाकणारा होलोग्राम, रोलचा नंबर, सगळं जिथल्या तिथं. आत ऊन अडवणाऱ्या सिरॅमिक फिल्मचा रोल हवा होता, पण तो दुसऱ्याच जातीचा निघाला आणि १८,५०० रुपयांना माझ्या गाडीच्या काचांना चिकटला. नांदेडातल्या एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातली ही गोष्ट. दुकानाचं नाव घेत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. शिवाय हा धंदा त्या एकाच दुकानात चालतो असंही नाही.

बियाणे कंपनीच्या कामामुळे खरिपाच्या तोंडावर माझी गाडी परभणी, जिंतूर, हिंगोली, वसमत, नांदेड अशी फिरत असते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर. कृषी सेवा केंद्रापुढं सावली औषधालाही सापडत नाही, आणि तासाभरानं गाडीत बसायचं तर स्टेअरिंग रुमालानं धरावं लागतं. आपल्याकडं काचेची फिल्म ही हौस नव्हे, गरज आहे. दुकानदारांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

"मालक, काळ्या काचा इसरा आता, पोलीस धरतेत. ही सिरॅमिक बघा. आरपार दिसतंय का नाही? पन ऊन बाहेरच. नव्वद टक्के गरमी कट. आरटीओ पास हाय."

मग दिव्याचा खेळ. काउंटरवर लाल हीट लॅम्प, पुढं साध्या काचेचा तुकडा, त्यामागं तुमचा हात. हात पोळायला लागतो. मग फिल्म लावलेला तुकडा धरतात आणि हात गार. यात हातचलाखी काहीच नसते, म्हणून तर माणूस फसतो. दाखवायचा तुकडा खऱ्या सिरॅमिकचाच असतो, पण गाडीला लागणारा रोल तो नव्हे. शिवाय त्या दिव्यातून निघतं ते बहुतेक सगळं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण. उन्हाचं तसं नाही. आणि फिल्मनं शोषलेली उष्णता काच तापल्यावर हळूहळू आतही सुटते. दोन मिनिटांच्या खेळात ते कसं कळणार?

त्या 'नव्वद टक्क्यां'चा हिशेब तर पाटीवर मांडून बघण्यासारखा आहे. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेत ढोबळमानानं ५३ टक्के इन्फ्रारेड, ४४ टक्के डोळ्यांना दिसणारा उजेड आणि ३ टक्के अतिनील. आता फिल्म ७० टक्के उजेड आत सोडते म्हणाल, तर ४४ मधले जवळपास ३१ टक्के उजेडाच्या रूपानंच आत आले. इन्फ्रारेड आणि अतिनील पूर्ण अडवलं तरी एकूण अडवणूक ६९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि पूर्ण अडवणारी फिल्म कुणी बनवलेली नाही. मग नव्वद येतात कुठून? तो आकडा फक्त इन्फ्रारेडचा असतो, आणि तोही बऱ्याचदा एकाच तरंगलांबीवर मोजलेला. विचारायचा आकडा म्हणजे टीएसईआर, सूर्याची एकूण किती ऊर्जा अडली तो. हे तीन-चार अक्षरी नाव काढलं की विक्रेत्याचा चेहरा बघा. खरा जाणकार लगेच कंपनीचा तक्ता पुढं करतो, दुसरा पुन्हा दिवा लावतो.

फिल्मच्या जातींबद्दल बाजारात बराच गोंधळ आहे, म्हणून माझं मत सांगतो. रंगीत फिल्म, म्हणजे डाइड, सगळ्यांत स्वस्त. पूर्ण गाडी ३-४ हजारांत होते. डोळ्यांवरची तिरीप कमी होते, पण उष्णता फारशी नाही. अगदी हलक्या मालात रंग गोंदातच कालवलेला असतो, आणि आपल्या उन्हात तो जांभळा पडतो. धातूचा थर दिलेली मेटलाइज्ड फिल्म ऊन परावर्तित करते आणि त्या मानानं महागही नसते. पण तिची चमक लांबून दिसते, मोबाइल-जीपीएसला अडथळा होतो आणि पुढच्या काचेला लावली तर टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जात नाही. मागं हॉर्नचा गजर सुरू झाला की समजतं काय घेतलंय ते. कार्बन फिल्मचा रंग उडत नाही, सिग्नलही अडत नाही. मात्र तिची खरी कमाल गडद छटेत, आणि गडद छटा आपल्याला लावायचीच नाही. राहिली सिरॅमिक. धातूंच्या ऑक्साइड-नायट्राइडचे अतिसूक्ष्म कण उजेड जाऊ देतात आणि इन्फ्रारेड बरंच अडवतात. चांगल्या कंपनीची पूर्ण गाडीची सिरॅमिक १५ हजारांच्या खाली सहसा बसत नाही.

फसवणुकीचं मूळ इथंच आहे. काळीकुट्ट फिल्म लावायची सोय असती तर स्वस्त-महाग निदान डोळ्यांना कळलं असतं. फिकट छटेत ३ हजारांची रंगीत आणि १८ हजारांची सिरॅमिक शेजारी ठेवा, उघड्या डोळ्यांनी ओळखून दाखवा. मधल्या पंधरा हजारांचा फरक दिसतच नाही, आणि न दिसणारा माल बदलायला किती वेळ लागतो?

माझ्या गाडीचं बिंग दुसऱ्या उन्हाळ्यात फुटलं. मागच्या काचेवरचं दव घालवणाऱ्या डिफॉगरच्या रेषांवर बुडबुडे आले आणि मागचे दोन्ही दरवाजे जांभळट दिसायला लागले. दुकानात गेलो तर उत्तर तयार. "औंदा ऊनच लई पडलं, मालक. त्याला फिल्म काय करंल?" उन्हासाठी घेतलेल्या फिल्मनं उन्हाचंच कारण सांगावं, याला दाद द्यावीशी वाटली. वर ऑफरही होती: नवीन सिरॅमिक फुकट, फक्त फिटिंगचे ४,००० द्या.

त्याऐवजी मी गाडी छत्रपती संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका जुन्या फिटरकडं नेली. त्यानं एका दरवाजाची फिल्म सोलली, कापूस अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून गोंदाच्या बाजूनं फिरवला, आणि कापूस जांभळा झाला. रंग गोंदातच होता. मग त्यानं सोलर पॉवर मीटर काढला, हातात मावणारं साधं यंत्र. सोललेली काच आणि फिल्मची काच, दोन्हींतून येणारं ऊन मोजलं, तर नाव घेण्याजोगा फरक नाही. "सिरॅमिक असती तर काटा बोलला असता," एवढंच तो म्हणाला.

वॉरंटी कार्डावर रोलचा नंबर होता. कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, तर तो नंबर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या गाडीच्या नावावर नोंदलेला. म्हणजे खोकं एक आणि गाड्या कितीतरी. खऱ्या रोलची फिल्म कधीच संपली असणार. खोक्यात स्वस्त रोल सरकवून तेच काउंटरवर ठेवत असणार. मूळ फिल्मच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकवर बहुधा कंपनीचं नाव छापलेलं असतं. माझ्या वेळी फिल्म आतल्या खोलीत कापून आणली होती. "धूळ बसंल, सर, तुम्ही चहा घ्या." धुळीचं कारण खरंही असतं, म्हणून त्यावर कोणी हरकत घेत नाही.

'आरटीओ पास' हा दुसरा खोटेपणा, आणि त्यात अर्धं सत्य मिसळलेलं आहे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं काचांवर कुठल्याही टक्केवारीची काळी फिल्म लावायला बंदी घातली. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड जायलाच हवा. पुढं नियमात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर असलेली, मानकात बसणारी काच. त्याच आधारे केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलं की टक्केवारी पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. दुकानदार ह्याच निकालाचं कात्रण दाखवतात. पण निकाल केरळचा आहे, आणि आपल्या चौकातला पोलीस काचेकडं बघून ठरवतो. मला ५०० रुपयांचं चलान आलं. दुकानानं दिलेलं 'आरटीओ अप्रूव्ह्ड' सर्टिफिकेट मी दाखवलं, तर हवालदार साहेबांनी ते उलटंपालटं करून विचारलं, "यावर आरटीओचा शिक्का कुठाय?" शिक्का दुकानाचाच होता.

टक्केवारीत आणखी एक गोम आहे, ती कुणी सांगत नाही. गाडीची मूळ काचच हिरवट असते आणि साधारण ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर '७० टक्क्यां'ची फिल्म लावली की दोन्हींचा गुणाकार होतो. उरतो साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला हे कसंबसं चालतं, पुढच्या काचेला मुळीच नाही. 'बाजूला ५० चालते' म्हणून ५० ची फिल्म लावली तर उरतात साडेसदतीस, म्हणजे नियमभंग. तेव्हा उजेड मोजायचा मीटर नुसत्या फिल्मवर नको, फिल्म लावलेल्या काचेवर धरायला सांगा.

खऱ्या सिरॅमिकचे पैसे मोजायची तयारी नसेल तर, माझ्या मते, मधलं काहीच घेऊ नये. समोरच्या काचेला तीन-चारशे रुपयांचा घडीचा सनशेड, निघताना दोन मिनिटं काचा खाली, मग एसी. फिकट रंगीत फिल्मपेक्षा याचा उपयोग जास्त.

माझ्या तक्रारीची अडचण बिलानं केली. बिलावर नुसतं 'सन कंट्रोल फिल्म व फिटिंग'. कंपनी नाही, मॉडेल नाही, रोल नंबर नाही. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर नसेल तर बोगस बियाण्याची तक्रार जशी लंगडी पडते, तसंच हे. सुदैवानं वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे, खोक्याचा फोटो आहे आणि सोललेली फिल्म मी जपून ठेवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर दुकानानं निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, पण 'तक्रार नाही' असं लिहून मागितलं. ते मी दिलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, त्यामुळे आता कागद तिकडंच जातील.

नांदेड-परभणी भागात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी सिरॅमिक लावून घेतली असेल तर आजच कार्डावरचा रोल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. नंबर दुसऱ्या गाडीच्या नावावर दिसला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, दुकानाला फोन नंतर करा.