सीपॅप मशीन ७ महिने वापरल्यावर: मशीन उत्तम, मास्कच्या कुशनने मात्र रडवलं

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याचे फीचर्स, प्रेशर वगैरे सगळ्यांना माहितीये, ते लिहीत नाही. मला लिहायचंय मास्कच्या कुशनबद्दल, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाबद्दल, कारण इवल्याशा सिलिकॉनने माझी झोप परत घालवली.

मशीन घेण्याआधी पाचेक वर्षं मी नुसता थकलेलो असायचो, आठ तास झोपून उठलं तरी डोकं जड, घशाला कोरड, दुपारी डोळे मिटायचे आणि एकदा तर सिग्नलला गाडी उभी असताना डुलकी लागली. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं नॉर्मल. शेवटी बायको म्हणाली की घोरता घोरता तू मधेच गप्प होतोस आणि मग गुदमरल्यासारखा दचकतोस, त्यावरून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी केली. एएचआय ४१! म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास थांबतोय नाहीतर अपुरा पडतोय, दर वेळी किमान १० सेकंद. ३० च्या वर गेलं की सिव्हिअर. रिपोर्ट बघून मला रडूच आलं, इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होतो.

मशीनचे पहिले दहा दिवस नको झालं, मग एक दिवस उठलो तर डोकं दुखतच नव्हतं. रात्री तीनदा लघवीला उठायचो तेही थांबलं. एएचआयचा आकडा ३ च्या आत.

सहाव्या महिन्यात कुशन गेलं. पहाटे डाव्या डोळ्यावर हवेची बारीक गार धार, सकाळी डोळा लाल, आकडा ११. पट्टे आवळले, नाकावर वळ उठले, धार तशीच. कुशन उजेडात धरलं तर नाकाजवळची कड चिकट आणि सैल पडलेली. विक्रेता म्हणे सुटं कुशन मिळत नाही, पूर्ण मास्क घ्या. अहो, फ्रेम आणि पट्टे ठणठणीत आहेत, आणि खोक्यावर सुट्या कुशनचा पार्ट नंबर छापलाय! फोटो पाठवला, नऊ दिवस उत्तर नाही. रोज फोन केल्यावर मग मागवलं. सर्व्हिसला एक स्टार, तोही जास्तच.

अपडेट: नवीन कुशन लावूनही दोन रात्री हवा गळली. स्लीप लॅबच्या टेक्निशियनने मला आडवं झोपवलं, मशीन चालू ठेवून पट्टे चक्क सैल करायला लावले आणि गळती थांबली. कुशनची पातळ कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसते, आवळलं की ती चेपते, आणि मी बसून पट्टे लावायचो, आडवं झालं की चेहरा बदलतो. म्हणजे थोडी चूक माझीही होती. शिवाय चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन खराब होतं, रोज सौम्य साबणाने धुवायचं असतं, हे विकताना कोणी सांगितलंच नाही, मी आठवड्याने धुवायचो.

मशीनला पाच स्टार. विक्रेत्याचा एक तसाच राहील, कारण त्या नऊ दिवसांत मी गाडीची किल्ली हातात घेतली नाही. पुढचं कुशन आत्ताच मागवून ठेवलंय.