‘अनचार्टेड 4’ की ‘लॉस्ट लेगसी’?
2016 च्या ‘अनचार्टेड 4’ या व्हिडिओ गेममध्ये नेथन ड्रेक भाऊ सॅमसोबत हेन्री एव्हरी या चाच्याचं घबाड शोधतो. स्कॉटलंड, मादागास्कर, पंधराएक तासांचा ऐवज. भावाभावांतली ओढाताण झकास, पण कडे चढून चढून बोटं दुखतात.

2017 चा ‘द लॉस्ट लेगसी’ त्याच्या निम्म्याएवढा. याच मालिकेतल्या क्लोई आणि नदीन या दोघी गणपतीचा सुळा शोधत पश्चिम घाटात येतात. होयसळ राजघराण्याच्या अवशेषांत जीप घेऊन हवं तिकडे भटका. अकरा नाणी जमवलीत तर खजिना जवळ आल्यावर खुणावणारं हातातलं कडं मिळतं. (नाणी सोडून पुढे पळू नका!) परशूने दात कसा तुटला ही गोष्ट आपल्याला आजीनेच सांगितलेली, त्यामुळे कोडी सोडवताना वेगळीच मजा. शनिवार-रविवार मोकळा असेल तर मी हाच लावतो.