स्वारगेटला उतरा आणि जिन्यानं खाली जा: कोल्हापूरकरांसाठी पुणे मेट्रो

कोल्हापूरची एसटी स्वारगेटला थांबते आणि पुणे मेट्रोची पिंपरीहून येणारी पर्पल लाईन स्वारगेटलाच संपते. आपल्या दृष्टीनं या मेट्रोचं सगळं मोल या एका योगायोगात आहे. मेट्रो मार्च २०२२ पासून धावतेय, पण सुरुवातीला वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोनच सुटे तुकडे होते. कोल्हापुरातून सकाळी निघून दुपारी स्वारगेटला उतरणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा ३.६३ किलोमीटरचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि पेठांच्या गर्दीखालून जाण्याची सोय झाली. स्वारगेटहून शिवाजीनगरला जायला रिक्षा केली की बाजीराव रोडच्या सिग्नलांवर जो वेळ जातो, तो इथं वाचतो.

पण ट्रॅव्हल्सनं जाणार असाल तर आधी ड्रायव्हरला विचारा, गाडी पुण्यात नेमकी कुठं सोडणार. कोल्हापुरात हायवेवरच्या तावडे हॉटेलला तुम्ही बसलात ती गाडी मुंबईची असेल तर ती स्वारगेटला येतच नाही. कात्रज, नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं बायपासनं पुढं निघून जाते. कात्रजला मेट्रो नाही. स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्ग मंजूर आहे, पण त्यावर आज गाडी धावत नाही. त्यामुळं कात्रजला उतरलात तर पीएमपीची बस धरून सातारा रोडनं स्वारगेट गाठा. कोथरूड, डेक्कन किंवा पुणे स्टेशनकडं जायचं असेल तर कात्रजला उतरूच नका, चांदणी चौकापर्यंत बसा. तिथून पौड रोडनं दोन-तीन किलोमीटरवर वनाज स्टेशन आहे. तेवढी रिक्षा करा, पुढं वनाज ते रामवाडी अशी मेट्रोची दुसरी लाईन, ॲक्वा लाईन, थेट नेते. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी माणसं कात्रजच्या चौकात बॅगा घेऊन रिक्षावाल्यांशी घासाघीस करत उभी असतात.

रेल्वेनं जाणाऱ्यांचं गणित वेगळं. पुणे रेल्वे स्टेशनला लागूनच ॲक्वा लाईनचं स्टेशन आहे, पण महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्यात पोहोचते पहाटे, आणि मेट्रोची पहिली गाडी सहाला. रात्रीच्या एसटीचंही तेच. पहाटे चारला स्वारगेटला उतरलात तर मेट्रोचं शटर बंद. दोन तास स्टँडवर चहा पीत बसायचं की रिक्षा करायची, हे घरूनच ठरवून निघा. दिवसाच्या गाड्यांना ही अडचण नाही. परतताना उलटं होतं. शेवटची मेट्रो रात्री अकराच्या सुमारास आणि मुंबईहून येणारी महालक्ष्मी पुण्यात मध्यरात्रीच्या आसपास. म्हणजे दहा-साडेदहालाच मेट्रोनं स्टेशन गाठून फलाटावर वाट बघण्याची तयारी ठेवा.

तिकिटाचं आता. कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ३५. वनाजपासून रामवाडीपर्यंत, म्हणजे ॲक्वा लाईन या टोकापासून त्या टोकापर्यंत, ३० रुपये. शनिवार-रविवारी सगळ्यांना ३० टक्के सूट असते, म्हणजे वीसचं तिकीट चौदाला. दिवसभराचा १०० रुपयांचा पासही मिळतो, पण तो आपल्या लोकांनी सहसा घेऊ नये. हिशेब सोपा आहे: वीस रुपयांचे पाच प्रवास केले की पासचे पैसे जेमतेम फिटतात, आणि कोल्हापूरहून दिवसाभरासाठी गेलेला माणूस तीन-चारपेक्षा जास्त वेळा मेट्रोत बसत नाही. शनिवार-रविवारी तर सुटीचं तिकीटच इतकं स्वस्त की पास डोळे झाकून तोट्यात. पिंपरी, वनाज, रामवाडी अशी तिन्ही टोकं एका दिवसात मारणाऱ्यालाच तो परवडतो.

तिकीट काढायचे मार्ग चार: खिडकी, मशीन, मेट्रोचं ॲप आणि व्हॉट्सॲप. ॲप घ्या असं सगळे सांगतात. आमचा सल्ला उलटा आहे. प्रवासी पाहुणा असाल तर कागदी तिकीट घ्या. कारण क्यूआर कोड आत जाताना दाखवावा लागतो तसाच बाहेर पडतानाही दाखवावा लागतो. सकाळपासून एसटीत गाणी ऐकत, रील बघत आलेल्या फोनची बॅटरी कसब्यात पोहोचेपर्यंत सात टक्क्यांवर असते. फोन बंद पडला की गेटच्या आत अडकलात. कागदी तिकिटाचा एकच दोष: ते पातळ असतं आणि माणूस सवयीनं घडी घालून शर्टाच्या खिशात कोंबतो. आपल्या केएमटी बसच्या तिकिटाची सुरळी करून कानात घातली तरी चालतं, इथं घडी बरोबर क्यूआरच्या मधोमध पडली की गेट लाल दिवा दाखवत राहतं. पाकिटात नोटेसारखं सपाट ठेवा. स्कॅन करताना काचेवर घासू नका. दोन बोटं वर धरून क्षणभर स्थिर ठेवलं की फाटक उघडतं. चौघांचं तिकीट काढलं असेल तर प्रत्येकाचा कोड वेगळा आहे का ते बघून ज्याचं त्याच्या हातात द्या. घरच्या कर्त्यानं चारही तिकिटं स्वतःकडं ठेवून पहिलं स्कॅन करून आत जायचं आणि बाकीचे बाहेर, हा प्रकार स्वारगेटला रोज दिसतो.

वारंवार पुण्याला जाणाऱ्यांनी मात्र कार्ड घ्यावं. मेट्रोचं ‘वन पुणे’ कार्ड किंवा बँकेचं एनसीएमसी (मेट्रो-बसमध्ये चालणारी सोय) असलेलं रुपे कार्ड चालतं, आणि ‘वन पुणे’वर एरवीच्या दिवशी १० टक्के सूट मिळते. ऑनलाईन पैसे भरल्यावर ते कार्डावर आपोआप चढत नाहीत, एकदा मशीनवर किंवा खिडकीवर कार्ड लावून शिल्लक चढवून घ्यावी लागते. ‘पैसे कापले पण गेट उघडेना’ अशी जी तक्रार असते, तिच्यामागं बहुतेक वेळा हेच असतं.

ठरलेल्या स्टेशनाच्या पुढं गेलात तर घाबरू नका. बाहेरचं गेट उघडणार नाही, तेवढंच. शेजारच्या मदत खिडकीवर फरक भरला की सोडतात.

स्वारगेटची एक चांगली गोष्ट म्हणजे ते शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळं चुकीच्या दिशेला जाण्याची सोयच नाही. जी गाडी उभी असेल ती पुढं मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय, शिवाजीनगर करत पिंपरीकडं जाते. स्टेशन बरंच खोल आहे आणि जड बॅग असेल तर सरकत्या जिन्यावर कसरत न करता लिफ्ट शोधा. परत येताना मात्र मंडई किंवा कसब्याच्या फलाटावर बोर्ड वाचूनच चढा.

आता पाट्यांवरच्या नावांकडं लक्ष द्या, कारण घोळ तिथंच होतो. लोक ‘सिव्हिल कोर्ट’ म्हणतात, पाटीवर ‘जिल्हा न्यायालय’ दिसतं, दोन्ही एकच. जुन्या नकाशातलं बुधवार पेठ स्टेशन म्हणजे आताचं कसबा पेठ. ‘पीसीएमसी’ म्हणजे पिंपरीतलं महापालिकेजवळचं स्टेशन, निगडी नव्हे. निगडीपर्यंतचं काम चालू आहे. आणि सगळ्यात फसवं नाव भोसरीचं. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची भोसरी एमआयडीसीत कायम ये-जा असते, म्हणून हे मुद्दाम सांगायचं: मेट्रोचं ‘भोसरी’ म्हणून सांगितलं जाणारं स्टेशन नाशिक फाट्याला आहे. तिथं उतरलात की भोसरी अजून काही किलोमीटर पुढं, आणि एमआयडीसीचा ब्लॉक गाठायला रिक्षा लागतेच. सॅम्पल कास्टिंगची पिशवी खांद्यावर असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो. लोखंड घेऊन जाणाऱ्यांनी तपासणीत थांबवलं तर वैतागू नये, पिशवी उघडून दाखवावी.

दोन्ही लाईन फक्त जिल्हा न्यायालयात एकमेकींना भेटतात. हे स्टेशन पाहण्यासारखं आहे, हे कबूल केलं पाहिजे. पर्पल लाईनचा फलाट जमिनीखाली ३३.१ मीटर, म्हणजे दहा मजली इमारत उलटी गाडल्यासारखा, आणि ॲक्वा लाईनचा फलाट त्याच्याच डोक्यावर पुलावर. वरच्या छतातून ऊन थेट खालच्या फलाटावर उतरेल अशी रचना केलीय. दुपारी बाराच्या आसपास खाली उभं राहून वर बघितलं की विहिरीच्या तळातून आभाळ बघतोय असं वाटतं. बघायला झकास, पण बदलायला वेळ घेतं. एकामागून एक सरकते जिने चढत गेलं की आठ-दहा मिनिटं धरायचीच, म्हातारी माणसं बरोबर असतील तर लिफ्टच्या रांगेसह जास्त. तिकीट एकच चालतं. मात्र गाडी बदलताना चुकून बाहेरच्या गेटवर तिकीट दाखवलंत तर प्रवास तिथंच संपला, पुढचं तिकीट नवं. ‘ॲक्वा लाईन’च्या पाट्या धरून आतल्या आत चढत राहा. वर पोहोचलात की दोन दिशा: डेक्कन, नळ स्टॉप, कोथरूडसाठी वनाजची गाडी, पुणे स्टेशन आणि येरवड्यासाठी रामवाडीची.

म्हणून स्वारगेट ते पुणे स्टेशन या प्रवासाला मेट्रो घ्यावी का? एकटा माणूस, पाठीवर एक सॅक: जरूर घ्या. जिल्हा न्यायालयापर्यंत तीन स्टेशनं, वर चढून पुढं दोन. तिघं जण आणि चार बॅगा: सरळ मीटरची रिक्षा करा. तिघांची तिकिटं अधिक त्या जिन्यांची चढाई यात वाचत काही नाही, कंबर तेवढी धरते. तसंच स्वारगेट ते मंडई हे एकच स्टेशन आहे. खाली उतरून, तपासणी करून, परत वर येईपर्यंत धडधाकट माणूस चालत पोहोचेल. पाऊस किंवा एप्रिलचं ऊन असेल तरच मेट्रो.

काय बघायला कुठं उतरायचं, ते एका दमात: तुळशीबाग, दगडूशेठ, लक्ष्मी रोड यांना मंडई. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती यांना कसबा पेठ. आगाखान पॅलेसला कल्याणीनगर, तिथून नगर रोडनं थोडं चालणं. दवाखान्याच्या कामासाठी जाणाऱ्यांना रुबी हॉल आणि पुणे स्टेशन. विमानतळाला रामवाडीहून बस किंवा रिक्षा. सिंहगड रोड, हडपसर, कात्रज या बाजूला पाहुणे असतील तर मेट्रोचा नाद सोडा.

नुसती गंमत म्हणून मेट्रोत बसायचं असेल, मुलं बरोबर असतील, तर पर्पल लाईनच्या भुयारात पैसे घालवू नका. काळ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. ॲक्वा लाईन घ्या. गरवारे कॉलेज सोडल्यावर गाडी मुठेच्या काठाकाठानं पुलावरून जाते आणि डेक्कन, संभाजी उद्यान या स्टेशनांची छतं मावळ्याच्या पगडीसारखी केलेली आहेत. संध्याकाळी पाच ते आठ टाळा. गाडी तीनच डब्यांची, त्यात ऑफिस सुटलेली गर्दी; मुलांना खिडकी काय, उभं राहायला जागा मिळायची मारामार.

लग्नाचा बस्ता बांधायला लक्ष्मी रोडला गेलेल्यांनी एक करावं. जाताना मेट्रोनं जा, येताना नको. साड्यांचे गठ्ठे घेऊन गेटमधून जायचं म्हणजे फाटक मध्येच बंद व्हायची धास्ती, आणि डब्यात ठेवायला रॅक नाही. गेटला अडखळलात तर रुंद फाटकाकडं जा, ते चाकाच्या खुर्चीसाठी असतं पण मोठं सामान असेल तर कर्मचारी तिथून सोडतात.

आणि गाडीत खाणं चालत नाही, थुंकलात तर दंड होतो. तोंडात माव्याची पुडी असेल तर ती वरच मोकळी करून या. कांदा-लसूण चटणीचा डबा पाहुण्यांना नेत असाल तर झाकणाखाली प्लास्टिक लावून, पिशवीत उभा ठेवा. तेल झिरपून शेजाऱ्याच्या पांढऱ्या पॅंटला लागलं की पुणेकर काय बोलेल, ते स्वारगेटपर्यंत ऐकत यावं लागतं.

परतीला शेवटच्या एसटीच्या आधी किमान पाऊण तास मंडईच्या फलाटावर असा. मेट्रो वेळेवर येते, त्यात शंका नाही. उशीर होतो तो स्वारगेटच्या खोल फलाटावरून वर येऊन, जेधे चौकाच्या गर्दीतून एसटी स्टँडचा नेमका फलाट शोधण्यात.