मराठीतून आयआर शिकायचंय? औरंगपुऱ्यातली ही बॅच बघा

संभाजीनगरात मराठीतून आंतरराष्ट्रीय संबंध नीट शिकवणारं कुणी हाय का असं पोरं सारखं विचारतात म्हणून लिहितोय. औरंगपुऱ्यातल्या एका क्लासची वीकेंड बॅच केली, परराष्ट्र धोरणाच्या भागासाठी बिनधास्त ॲडमिशन घ्या.

सर पंचशीलची, म्हणजे देशांनी एकमेकांशी शांततेनं कसं वागायचं याची, पाच तत्त्वं नुसती पाठ करून घेत नाहीत. १९५४ मध्ये चीनसोबतच्या करारात दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही असं आपण मान्य केलं, मग १९७१ ला पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, सैन्य कसं काय घातलं? यावर वर्गात लई भांडण झालं. जवळपास एक कोटी निर्वासित आपल्याकडं आले होते, मग तो एकट्या पाकिस्तानचा प्रश्न कसा राहील, शिवाय ३ डिसेंबरला आपल्या विमानतळांवर हल्ला त्यांनीच केला, आणि महत्त्वाचं म्हणजे मार्च १९७२ ला आपलं सैन्य बांगलादेशातून माघारी आलं. लगेच पुढं श्रीलंका घेतली. १९८७ ला करार करून आपली शांतिसेना गेली, थोड्याच महिन्यांत एलटीटीई या तिथल्या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढाई, नंतर तिथल्या प्रेमदासा सरकारनंच निघा म्हणलं, १९९० ला सैन्य परतलं तोवर आपले अकराशेच्या वर जवान गेले होते.

सगळ्यात भारी लेक्चर हैदराबादचं. १७ सप्टेंबरला आपण दरवर्षी झेंडावंदन करतो, पण १९४८ च्या ऑगस्टमध्ये निजाम सरकारनं भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार केली होती हे शाळेत कुणीच सांगितलं नव्हतं. भारत म्हणायचा हा घरातला प्रश्न, निजाम म्हणायचा आम्ही स्वतंत्र. इथल्या लोकांना काय पाहिजे होतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही, रझाकारांचा काळ घराघरात माहितीय. मला तरी तिथंच पटलं की माणसं मारली जात असताना गप्प बसणं हे काही तत्त्व होऊ शकत नाही, पण परक्या देशात फौज पाठवायच्या आधी ती परत कधी आणायची हे ठरलंच पाहिजे, कारण जाणारी पोरं बीड-लातूरच्या गावातलीच असतात.

नोट्स मात्र कमजोर, नकाशे झेरॉक्समध्ये दिसतच नाहीत. २०११ चा लिबिया, जिथं लष्करी कारवाईला परवानगी देण्याच्या सुरक्षा परिषदेतल्या मतदानात भारत तटस्थ राहिला, तो अर्ध्या तासात गुंडाळला, तिथं अजून वेळ द्यायला पाहिजे होता. जालन्याहून येणाऱ्यांनी बॅचची वेळ आधी विचारून घ्या, वाद रंगला की सुटायला उशीर होतो.