टाटा झेनॉनला पुढचा सॉलिड ॲक्सल: वाळूजमधील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि प्रेस-शॉपच्या ओळीत असलेल्या एका लहान गॅरेजकडून मी माझ्या टाटा झेनॉन फोर-बाय-फोर पिकअपचे पुढचे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे हलते अशी रचना) काढून त्या जागी सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा, बसवून घेतला. काम एकूण चांगले झाले आहे. वेल्डिंग उत्कृष्ट आहे, स्टिअरिंगची भूमिती दुसऱ्या खेपेला जमली आणि कागदोपत्री नोंदींच्या बाबतीत मात्र हे गॅरेज कमालीचे ढिले आहे. तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे गॅरेजचे नाव येथे देत नाही. शिवाय असे काम करून देणारे कारागीर आता लातूर-जालन्याकडेही भेटतात आणि त्यांच्याकडून काय तपासून घ्यावे, हे कळणे वाचकाला अधिक उपयोगाचे आहे.

मूळ झेनॉनला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) असतात. डांबरी रस्त्यावर आणि साध्या मुरमाच्या वाटेवर ही रचना उत्तम चालते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझे वावर बीड जिल्ह्यात बालाघाटच्या उतारावर आहे. वरच्या तुकड्याकडे जाणारी वाट ओढ्यातून जाते आणि ओढ्यात काळ्या दगडाचे, गुडघ्याएवढे धोंडे पडलेले असतात. अशा ठिकाणी पुढचे एक चाक धोंड्यावर चढले की दुसरे हवेत लोंबकळते, कारण स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकाची खालीवर हालचाल विशबोनच्या लांबीने आणि सीव्ही जॉइंट (चाकाकडे ताकद नेणारा वळता सांधा) सोसू शकेल तेवढ्या कोनाने बांधलेली असते. टॉर्शन बार कसून गाडी उचलण्याचा स्वस्त उपाय सगळेच सांगतात. पण त्याने चाकाची हालचाल वाढत नाही, उलट सीव्ही जॉइंट कायम तिरके राहतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि आत माती शिरते. सॉलिड ॲक्सलमध्ये दोन्ही चाके एकाच दांड्याला असल्यामुळे एक चाक वर गेले की तोच दांडा दुसऱ्याला खाली दाबतो. दुसरा फायदा असा, की स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी दबली की तिचे पोट जमिनीकडे येते, तर सॉलिड ॲक्सलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) टायरच्या उंचीने जेवढे वर असेल तेवढेच, गाडी कितीही दबली तरी, वर राहते.

कारखान्यांनी ही रचना बऱ्याच अंशी सोडून दिली, त्याला कारण आहे. टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपला १९७९ पासून पुढे सॉलिड ॲक्सल होता, पण अमेरिकी बाजारात १९८६ च्या मॉडेलपासून तिथे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आले. आपल्याकडे फोर्स गुरखानेही २०२१ च्या नव्या गाडीत पुढे स्वतंत्र सस्पेन्शनच घेतले. बहुतेक ग्राहक धोंड्यांवरून कमी आणि रस्त्यावरून जास्त जातात, एवढाच याचा अर्थ. मारुतीच्या जिम्नीला मात्र आजही दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल आहेत.

ॲक्सल कोणता घ्यावा, या प्रश्नावर गॅरेजचा सल्ला नेमका होता. भंगारात सहज मिळणारा आणि म्हणून सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे जुन्या महिंद्रा जीपचा ॲक्सल. पण त्याची रुंदी झेनॉनच्या मागच्या ॲक्सलपेक्षा बरीच कमी आहे. पुढची चाके आत आणि मागची बाहेर अशी गाडी उतारावर आडवी चालवताना अंगावर काटा आणते, आणि रुंदी भरून काढण्यासाठी जाड स्पेसर लावले तर हबच्या बेअरिंगवर ताण येतो. म्हणून आयात केलेल्या सुट्या भागांच्या बाजारातून टोयोटाचा बंद नकलचा (नकल म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) जुना ॲक्सल आणवला. यात बर्फील्ड जॉइंट (सीव्ही जॉइंटचाच एक प्रकार) गोलाकार नकलच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे चिखल-धुळीपासून त्याचे रक्षण होते. निवड करताना गॅरेजने दोन गोष्टी आधी पाहिल्या आणि त्या पाहिल्याशिवाय कटरला हात लावला नाही. ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) पुढचे आउटपुट ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला ॲक्सलचे क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधील मुख्य गिअरची जोडी) आहे की नाही, ही पहिली. पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर एकच आहे की नाही, ही दुसरी, आणि त्यासाठी उस्तादांनी दोन्हीकडचे दात स्वतः मोजले. गुणोत्तर वेगळे असेल तर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात. चिखलात ते भांडण टायर घसरून मिटते, पण कोरड्या खडकावर त्याची किंमत ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट मोजतो.

कॉइल स्प्रिंग की पाटे (लीफ स्प्रिंग), यावर फार चर्चा झाली नाही. कॉइल लावायचे तर ॲक्सलला धरून ठेवणारे आर्म, त्यांचे ब्रॅकेट आणि आडवा पॅनहार्ड रॉड अशी सगळी रचना नव्याने आखावी लागते, तर पाटे स्वतःच ॲक्सलला जागेवर धरतात आणि तुटले तर तालुक्याच्या गावीही दुरुस्त होतात. पाटे ॲक्सलच्या वर ठेवल्याने गाडीची उंची चांगलीच वाढली. इंजिनाचा सम्प (तळाचे तेलाचे भांडे) मात्र ॲक्सलच्या नेमका वर येतो. गाडी पूर्ण दबली तरी हाउसिंग सम्पला लागू नये म्हणून बम्प स्टॉपची (ॲक्सलची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यांची) उंची दोन्ही बाजू जॅकने दाबून ठरवली, हे मला विशेष आवडले.

आता स्टिअरिंग. या कामातील खरी परीक्षा येथेच होते आणि येथेच गॅरेज पहिल्या खेपेला उणे पडले.

झेनॉनचे मूळ स्टिअरिंग रॅक-पिनियन प्रकारचे आहे. रॅक चॅसीला घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या बॉल जॉइंटमधील अंतर विशबोनच्या बिजागऱ्यांशी जुळवून ठरवलेले असते. सॉलिड ॲक्सल चॅसीखाली सबंध हलतो, त्यामुळे तो रॅक तेथे निरुपयोगी ठरतो. त्याच्या जागी रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा स्टिअरिंग बॉक्स चॅसीच्या बाहेरच्या अंगाला बसवून, पिटमन आर्मपासून (त्या बॉक्सच्या फिरणाऱ्या दांड्यापासून) विरुद्ध बाजूच्या नकलपर्यंत आडवी ड्रॅग लिंक, म्हणजे चाके वळवणारा दांडा, न्यावी लागते. ही ड्रॅग लिंक जितकी लांब आणि जितकी आडवी, तितके चांगले. ती उतरती असेल तर ॲक्सल वरखाली होताना तिची परिणामी लांबी बदलते आणि हात न लावता चाके वळतात. गाडी पहिल्यांदा हाती आली तेव्हा ड्रॅग लिंक मूळ खालच्या आर्मला जोडलेली आणि जवळजवळ छपरासारखी उतरती होती. गॅरेजच्या आवारातील गतिरोधकावरून साध्या वेगाने गेलो तरी स्टिअरिंग हातातून ओढले जात होते. भर म्हणून कॅस्टर (चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन) जवळपास शून्यावर आलेला होता. प्रोपेलर शाफ्टचा (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन सुधारण्यासाठी मिस्त्र्याने पिनियनचे तोंड वर उचलले होते, आणि संपूर्ण हाउसिंग फिरवले की किंगपिनचा मागे झुकलेला कोनही त्याच्याबरोबर सरळ होतो. कॅस्टर गेला की वळणानंतर चाके आपोआप सरळ होत नाहीत आणि गाडी सतत हाताने सांभाळावी लागते.

पाट्यांखाली तिरक्या पाचरी घालून कॅस्टर परत आणता येतो, पण त्याने पिनियन पुन्हा खाली जाते आणि शाफ्टचा कोन बिघडतो. योग्य उपाय एकच: हाउसिंगच्या टोकांवरील नकलचे गोळे कापून, पिनियनला धक्का न लावता ते मागे फिरवून पुन्हा वेल्ड करणे. गॅरेजने सुरुवातीला टाळाटाळ केली. मी कोनमापक नकलच्या वरच्या सपाट भागावर ठेवून आकडा दाखवला, तेव्हा उस्तादांनी वाद घातला नाही. "भाऊ, कापूनच करू, पाचरीचं काम परत माझ्याच दारात येईल," एवढेच म्हणाले आणि ॲक्सल पुन्हा खाली उतरवला. दुसऱ्या खेपेला कॅस्टर चार अंशांवर आणला, दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या, आणि नकलच्या वर बसणारे उंच स्टिअरिंग आर्म लावून टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) व ड्रॅग लिंक दोन्ही पाट्यांच्या वर नेले. त्यामुळे ड्रॅग लिंक आडवी झाली आणि टाय रॉड धोंड्यांच्या माऱ्यातून सुटला. या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तरीही, ग्राहकाने कोन मोजून दाखवला नसता तर गाडी तशीच गेली असती, ही गोष्ट परीक्षणात नोंदवणे भाग आहे.

वेल्डिंगबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. विशबोनचे ब्रॅकेट कापताना चॅसीला कट लागू दिला नाही, उरलेला भाग ग्राइंडरने सपाट केला, आणि काढलेल्या क्रॉस मेंबरने चॅसीला दिलेली ताकद परत यावी म्हणून जाड नळीचा नवा क्रॉस मेंबर बसवला. स्टिअरिंग बॉक्सच्या जागी चॅसीला बाहेरून प्लेट लावून, बोल्ट जेथून जातात तेथे आत नळीचे तुकडे वेल्ड केले आहेत. ते नसतील तर बोल्ट कसताना पोकळ चॅसी चेपते आणि पुढे तेथेच चीर पडते. प्लेटची टोके सरळ न कापता निमुळती ठेवली आहेत, म्हणजे ताण एका उभ्या रेषेवर साचत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) कनेक्शन काढलेले मी पाहिले. वाळूजमध्ये वाहन उद्योगासाठी सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत आणि त्या शिस्तीत हात बसलेले वेल्डर या गॅरेजला मिळतात, याचा हा परिणाम असावा.

ब्रेकचे होज लांब बसवले आहेत आणि चाक पूर्ण लोंबवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासले आहेत. पुढच्या शाफ्टला ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी जॉइंट आहे. रंगकाम सुमार आहे.

ओढ्यात गाडी आता वेगळीच वागते. पूर्वी जेथे वेग घेऊन आदळत जावे लागे, तेथे लो-रेंज पहिल्या गिअरमध्ये चारही चाके जमिनीला धरून ती धोंड्यांवरून अक्षरशः चालत जाते. समोरचा धोंडा कोणत्या बाजूने घ्यायचा याचा अंदाज बांधणेही सोपे झाले, कारण हाउसिंग कोठे आहे आणि किती उंचीवर आहे हे कायम ठाऊक असते.

काळ्या मातीत मात्र या खर्चाने काहीही मिळत नाही, आणि मराठवाड्यातील वाचकासाठी हा मुद्दा ओढ्यापेक्षा मोठा आहे. पाऊस पडून गेल्यावर आपली चिकण माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग चाक किती खाली जाते याला अर्थ उरत नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पांदण रस्त्यावर पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत तर सॉलिड ॲक्सलचे नुकसानच होते: चाके चाकोरीत उतरतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि क्राऊन-पिनियनचा फुगवटा त्या उंचवट्यात नांगराच्या फाळासारखा रुततो. यावर इलाज मोठ्या टायरचा, किंवा चाकोरी सोडून धुऱ्याच्या कडेने जाण्याचा. ज्यांची जमीन गोदावरी किंवा मांजराकाठी सपाट काळी आहे, त्यांनी हेच पैसे चांगले मड टायर आणि विंच यांवर खर्च करावेत.

मुरमाच्या खडबडीत पट्ट्यावर थोडा वेग घेतला की पुढचा भाग पूर्वीपेक्षा जास्त उडतो. स्प्रिंगखालचे वजन वाढल्याचा हा परिणाम असून त्यासाठी गॅरेजला दोष देता येणार नाही. स्टिअरिंगची थरथर, म्हणजे मिस्त्री ज्याला शिमी म्हणतात ती, आजवर जाणवलेली नाही. मात्र टाय रॉडचे एंड ढिले झाले किंवा टायरचा बॅलन्स गेला की ती कोणत्याही सॉलिड ॲक्सलच्या गाडीला गाठू शकते.

कायद्याबद्दल गॅरेजने एक शब्दही काढला नाही, ही माझी सर्वात मोठी तक्रार आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीही हात वर करण्याची शक्यता मोठी. म्हणून माझी गाडी वावरापुरतीच आहे. गॅरेजमधून ती टोइंगच्या गाडीवर आली आणि पुन्हा कामाला न्यायची तर तशीच जाते. रोज रस्त्यावर वापरायच्या गाडीला हे काम करून देण्यास गॅरेजने नकार द्यायला हवा. तसा नकार तेथे कोणाला मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एकूण खर्च एका बऱ्यापैकी जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीएवढा आला आणि त्यातील मोठा भाग ॲक्सलचाच होता. मजुरी वाजवी वाटली. बिल मात्र एका ओळीचे मिळाले. कोणते बेअरिंग, कोणते सील, कोणत्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स, यातील काहीच त्यावर नव्हते, आणि ही यादी नसेल तर पुढे सुटा भाग मागवताना दुकानदारासमोर जुना तुकडा घेऊन उभे राहावे लागते. मी पाठपुरावा करून ती हाताने लिहून घेतली. तुम्ही काम देण्याआधीच ती ठरवून घ्या, आणि तिच्यासोबत कॅस्टर, टो-इन (पुढची चाके किती आत वळलेली आहेत ते माप) व पिनियनचा कोन यांचे आकडेही लिहून मागा.

नंतरच्या सेवेबद्दल सांगायचे तर, यू-बोल्ट आणि स्टिअरिंग आर्मचे स्टड थोडे चालवल्यानंतर पुन्हा कसण्यासाठी गॅरेजचा मुलगा स्वतः वावरावर आला. पावसाळ्यानंतर एका बाजूच्या नकलमधून काळपट पातळ ग्रीस गळू लागले. आतले सील गेले की हाउसिंगमधील गिअर ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करते, आणि या जातीच्या ॲक्सलमध्ये ते नेहमीचे आहे. सील बदलण्याची मजुरी त्यांनी घेतली नाही, पण सील स्थानिक बाजारात मिळत नसल्यामुळे ते मुंबईहून येईपर्यंत गाडी जॅकवर उभी राहिली. ॲक्सल मागवतानाच दोन्ही बाजूंच्या सीलचा एक जादा संच त्याच्यासोबत मागवून ठेवावा.