पहिला ओपन सोर्स प्रोजेक्ट: लिब्रेऑफिस की आयडी?

दुसऱ्या वर्षाला असताना मी दोन्हींत हात घालून पाहिला होता. गिट येतं, एखादी भाषा बऱ्यापैकी जमते, पण शिरायचं कुठे हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. लिब्रेऑफिस म्हणजे वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, आणि आयडी म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या) साइटवर 'एडिट' दाबल्यावर उघडतो तो नकाशा-संपादक.

नवख्याची सोय लिब्रेऑफिसमध्ये जास्त बघितली जाते, हे आधीच कबूल करतो. 'ईझी हॅक्स' नावाची खास यादी आहे. काम किती अवघड, कोणती भाषा लागेल, कोडमध्ये साधारण कुठे बघायचं, हे त्यात दिलेलं असतं. पॅच (आपण केलेला बदल) गेरिट या कोड तपासण्याच्या साइटवर टाकायचा आणि पहिल्या वेळी परवान्याला संमती देणारा एक मेल मेलिंग लिस्टवर पाठवायचा, एवढीच औपचारिकता. 2010 मध्ये ओपनऑफिसपासून फुटलेला हा प्रोजेक्ट मुळात जर्मन स्टारऑफिसचा वंशज. त्यामुळे कोडमधल्या जर्मन कॉमेंट्सचं इंग्रजी करणं हेसुद्धा कित्येक वर्षं नवख्यांचं काम होतं!

माझं घोडं अडलं ते बिल्डपाशी, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करण्यापाशी. 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. रात्री जेवून आल्यावर 'मेक' (बिल्डची आज्ञा) चालू केलं आणि झोपलो. सकाळी पाहिलं तर लिंकिंगच्या टप्प्यावर मशीन गोठलेलं, माउसचा बाण जागचा हलेना. दुसऱ्या रात्री वीज गेली. तिसऱ्या रात्री बिल्ड पूर्ण झाला, तेव्हा रूममेटला उठवून रायटर (लिब्रेऑफिसमधला वर्ड) उघडून दाखवला. (त्याने कूस बदलली.) इथवर माझी तक्रार नव्हती, लॅपटॉपच तसला होता. पण पुढच्या रविवारी ताजा कोड ओढला, तर मधल्या काळात कुणीतरी मुळाशी असलेली, बाकीच्या असंख्य फाइल्स जिच्यावर अवलंबून असतात अशी हेडर फाइल बदललेली, आणि अर्धाअधिक डोलारा पुन्हा कंपाइल व्हायला बसला. तो होईपर्यंत मी काय दुरुस्त करायला बसलो होतो तेच विसरलो. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन) लावल्यावर थोडा फरक पडला, थोडाच.

आयडी जावास्क्रिप्टमध्ये आहे. एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) दोन-तीन आज्ञा दिल्या की आपल्याच ब्राउझरमध्ये चालू. फाइल सेव्ह करायची, पान रिफ्रेश करायचं, बदल समोर. रचनाही वाचण्यासारखी आहे: नकाशातला प्रत्येक बदल म्हणजे एक छोटं फंक्शन, जुना ग्राफ (नकाशातल्या वस्तूंची मांडणी) घेऊन नवा परत देणारं. 'अनडू' कसं चालतं ते मला तिथे कळलं. कोडला हात लावायची भीती वाटत असेल तर ट्रान्सिफेक्स या अनुवादाच्या साइटवर मराठी अनुवाद आहेच. त्यात शोधशब्दही देता येतात, म्हणजे 'विहीर' या प्रकाराला 'आड' जोडला की गावाकडचा माणूस 'आड' टाइप करूनही तिथे पोचतो.

वाद मात्र आयडीत जास्त. एखादी वस्तू नकाशावर कशी नोंदवावी हा प्रश्न कोडचा नसून जगभरच्या नकाशावाल्यांचा असतो, त्यामुळे दोन ओळींच्या बदलावर लांबलचक चर्चा होऊ शकते. म्हणून सुरुवातीला 'बटण दिसत नाही' छापाचा बग उचलावा.

सी++ मध्येच करिअर करायचं असेल आणि मशीन दमदार असेल, तर लिब्रेऑफिसला नाही म्हणू नका, तिथलं शिक्षण वेगळ्याच तोडीचं आहे. पण कॉलेज, सबमिशन आणि मेस यांतून रोज तासभरच हाती लागत असेल, तर निदान माझ्यासारख्याने आयडीच घ्यावं. त्या तासात मी कोड लिहीत असे, बिल्डची वाट बघत नसे.