‘नवा’ लेझर प्रिंटर, आतून सव्वा लाख पानं छापलेला

१७,८०० रुपये गेले. १०,००० यूपीआयने, ७,८०० रोख. रोखीचा हट्ट विकणाऱ्याचाच. "ताई, बिल लावलं तर वर अठरा टक्के जीएसटी पडेल, कशाला उगाच?" हातात ‘एस्टिमेट’ लिहिलेला चिटोरा ठेवला. पक्कं बिल न देणाऱ्याला तिथल्या तिथे वाटेला लावा, मग तो कितीही गोड बोलो.

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं टायपिंगचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नोटरीचे कागद. त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट लेझर कशाला घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. साध्या इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते आणि वापर कमी झाला की हेड सुकतं. लेझरमध्ये टोनरची पावडर उष्णतेने कागदावर पक्की बसते. कलर लेझर घेतला तर चार टोनर पोसायचे, तेही काळी अक्षरं छापायला! फोटो किंवा रंगीत कार्ड हवं असणाऱ्यांना मी सरळ शेजारी पाठवते. म्हणजे निवड बरोबर होती. माल खोटा निघाला.

विकणारा माणूस वाशीचा. ऑनलाइन जाहिरात, दुकानापेक्षा पाचेक हजार कमी भाव, ‘सीलबंद, कंपनी वॉरंटी’. ऑफिसांतून निघालेली जुनी मशीनं पुसूनपुसून नव्या खोक्यात भरायचा धंदा तुम्हाला माहीत असेलच. मलाही ऐकून माहीत होता. पण खोका खरंच सीलबंद होता हो!

आता ते टोनर. टोनरच्या नव्या कार्ट्रिजला, म्हणजे डब्याला, बहुतेक वेळा सीलची ओढून काढायची पट्टी असते. मागच्या प्रिंटरची मी माझ्या हाताने ओढली होती. इथे त्याने खोका उघडला, कार्ट्रिज सरळ आत सरकवलं आणि झाकण लावलं. मी विचारलंसुद्धा, "पट्टी नाही काढली?" तर म्हणे, "नव्या मॉडेलला येत नाही, ताई." समोर तीन पक्षकार घाई करत बसलेले, वकिलांचा फोन चालू. त्याने लॅपटॉपवरून एक पान छापलं, काळंकुळकुळीत. कुणाचाही विश्वास बसला असता. पण ती पट्टी अजून रात्री डोळ्यासमोर येते.

लॅपटॉपवरच्या टेस्ट पेजला भुलू नका. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून कॉन्फिगरेशन रिपोर्ट काढायला लावा, त्यात एकूण पानांचा आकडा असतो. माझ्यात निघाला १,२६,४१८. तोही कधी पाहिला, तर कागद अडकायला लागून मेकॅनिकला बोलावल्यावर. फ्यूजर, म्हणजे पावडर उष्णतेने कागदावर बसवणारा भाग, बदलायचे ४,५०० सांगितले, बघायचे ३५० घेतले. खोक्यावरचा सीरियल नंबर वेगळा, मशीनच्या पाठीवरचा वेगळा. मागचा नंबर कंपनीला कळवला, तर वॉरंटी २०२१ मध्येच संपलेली. पैसे देण्याआधी हे दोन नंबर जुळवायला एक मिनिट लागतं.

मग सुरू झाली सरकारी टोलवाटोलवी. ठाणे शहरच्या पोलिसांनी सांगितलं, माणूस वाशीचा, तिकडे जा. खाडीपलीकडे गेले, तर व्यवहार ठाण्यात झालाय, इकडे का आलात? ठाणे आणि नवी मुंबई, दोन पोलीस आयुक्तालयं, आणि मधल्या मध्ये मी रिक्षाचं भाडं भरतेय. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि हे अर्ज मी स्वतः लोकांना टाइप करून देते! तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, बाई." सायबरवाल्यांचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत ना? वर एका बाबूने ऐकवलं, मशीन धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. तक्रार टाकली आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तक्रारीचा नंबर तरी मिळतो.

चॅट पुसू नका. खोका फेकू नका. माझा खोका त्याने ‘रद्दीत देतो’ म्हणून उचलून नेला, का ते आता कळतंय. नशीब, त्या चिटोऱ्यासोबत खोक्याचा फोटो काढला होता.

जाहिरात अजून चालू आहे. फोटो बदललाय, भाव आता १६,९००.